नैरोबीला तक्रार जाता कामा नये

भाडेकरू गेले की बंगल्यात काय उरतं? आमच्या अनुभवाप्रमाणे एक चप्पल, खोबरेलाची अर्धी बाटली, कुणाचा तरी ओला टॉवेल आणि एक किस्सा. चप्पल आणि टॉवेल आत्या माळ्यावर ठेवते, कुणी तरी मागायला येईल म्हणून. खोबरेल ती स्वतःच्या डोक्याला लावते. किस्से माझ्या वाट्याला येतात. माळा भरला, मीही भरले, म्हणून आज थोडे बाहेर काढते.

आधी एक सांगते, बंगला आमचा नव्हे. तो माझ्या थोरल्या काकांचा. काका तरुणपणीच नोकरीसाठी नैरोबीला गेले आणि म्हातारपणी परत येऊन राहू म्हणून त्यांनी लोणावळ्याला, भुशीच्या रस्त्यावर, बंगला बांधून ठेवला. म्हातारपण यायला अवकाश होता. तोवर तो सीझनला मुंबईकरांना भाड्यानं द्यायचा असं ठरलं. मालक समुद्रापलीकडे, भाडेकरू इथं, आणि मध्ये आम्ही. मागच्या, कुंपणाबाहेरच्या आउटहाउसमध्ये अण्णा, म्हणजे माझे वडील, त्यांची विधवा बहीण म्हणजे माझी आत्या, आणि मी असे तिघं राहायचो.

अण्णांना आणि आत्याला भाडेकरू म्हणजे काय हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्या लेखी घरात आला तो पाहुणा. आता हा पाहुणा जाताना पैसे देतो, तर देवो बिचारा, त्याची तशी पद्धत असेल. मला बी.ए. होऊन लॉ करायचं होतं, आणि ते या पाहुणचारात कसं अडकलं ते पुढे येईलच.

*

दादरचे एक गृहस्थ आले होते. डॉक्टरांनी त्यांना पूर्ण विश्रांती सांगितली होती. वाचन नाही, हिंडणं नाही, आणि बोलणं तर अजिबात नाही.

अण्णा रोज सकाळी आंघोळ करून, काठी घेऊन बंगल्यावर जायचे आणि दारातून विचारायचे, "काही कमी-जास्त?" हा प्रश्न ते प्रत्येक भाडेकरूला विचारत. उत्तराची त्यांना गरज नसे. व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत बसायला तेवढं निमित्त पुरायचं.

दादरच्या गृहस्थांना बोलायला बंदी आहे हे कळल्यावर अण्णा खूश झाले. इतका चांगला श्रोता त्यांना जन्मात मिळाला नव्हता. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःच्या रेल्वेतल्या नोकरीची सुरुवात सांगितली. दुसऱ्या दिवशी बढती कशी हुकली ते. तिसऱ्या दिवशी अण्णांची काठी फाटकाशी वाजली तसे गृहस्थ बाथरूममध्ये शिरले आणि आतून कडी लावली.

अण्णा बाहेर बसून म्हणाले, "सावकाश होऊ द्या. मला काही घाई नाही."

शेवटी त्या माणसानं डॉक्टरांचा हुकूम मोडला. बाहेर येऊन हात जोडून म्हणाला, "अहो, इथं जवळपास एखादा शांत बंगला आहे का?"

अण्णांना मनापासून वाईट वाटलं. "शांत?" ते म्हणाले. "यापेक्षा शांत तुम्हाला कुठं मिळणार? इथं माझ्याशिवाय चिटपाखरू येत नाही."

नैरोबीला पहिली तक्रार गेली ती ही.

*

दुसरी आत्यामुळे.

तेव्हा लग्न झाल्या झाल्या चार दिवस लोणावळ्याला जायची टूम नवीन होती. गिरगावातलं एक जोडपं आलं. मुलीच्या हातावरची मेंदीसुद्धा अजून गेली नव्हती. आत्यानं त्यांना फाटकातून आत जाताना पाहिलं आणि मागं आणखी माणसं येतायत का म्हणून बराच वेळ वाट बघितली. कुणीच येईना.

"दोघंच?" तिनं मला विचारलं.

"दोघंच."

"एवढ्या मोठ्या बंगल्यात? ती पोर घाबरेल ना गं."

"आत्या, नवरा आहे तिचा बरोबर."

"नवऱ्याचा काय उपयोग? ते झोपतात."

आमच्याकडे एकट्यादुकट्या बाईला सोबत म्हणून कुणी तरी झोपायला जातंच. शेजारच्या सुनेचा नवरा फिरतीवर गेला की आत्या जायची, कुणाकडे गमी झाली की जायची. तशी ती वळकटी काखेत मारून याही घरी गेली आणि दिवाणखान्यात, बरोबर बेडरूमच्या दारासमोर, अंथरूण घालून बसली. वर त्या मुलीला म्हणाली, "काही लागलं तर हाक मार हो. मला झोप अशी लागतच नाही."

दुसऱ्या दिवशी जावई, म्हणजे तो भाडेकरू, माझ्याकडे आला. त्याला काय म्हणायचंय ते त्याला म्हणता येईना आणि मला ऐकताना इकडे तिकडे बघावं लागलं. मी आत्याला समजावलं. आत्या म्हणाली, "तिनं कुठं तक्रार केली? ती तर म्हणाली, या आजही."

हे खरं होतं. मुलीला घरची खूप आठवण येत होती आणि आत्याबरोबर पत्ते खेळायला तिला आवडत होतं. चारही दिवस त्या दोघी पाच-तीन-दोन खेळल्या. त्या खेळाला तिसरा गडी लागतो, म्हणून अधूनमधून नवऱ्यालाही बोलवायच्या. एरवी तो एकटाच भुशीपर्यंत चालत जाऊन यायचा.

निघताना स्टेशनजवळच्या स्टुडिओत त्यांनी आठवणीसाठी फोटो काढला. एक प्रत आम्हाला पोस्टानं आली. डावीकडे नवरी, उजवीकडे नवरा, मध्ये खुर्चीवर आत्या.

नवऱ्यानं दुसरी प्रत नैरोबीला पाठवली. सोबत पत्र.

*

मग काकांचं उत्तर आलं. आणखी एक तक्रार आली तर बंगला एजंटाच्या ताब्यात देईन आणि तुम्ही कुणी त्याच्या फाटकातही पाऊल टाकायचं नाही, असं त्यांनी स्वच्छ कळवलं होतं.

अण्णा दिवसभर जेवले नाहीत. मी संधी साधली.

"हा सीझन माझ्या हातात द्या," मी म्हटलं. "तुम्ही आणि आत्यानं बंगल्याच्या आवारात यायचं नाही. एकही तक्रार गेली नाही, तर पुढच्या जूनला मी पुण्याला लॉ कॉलेजात जाणार."

"आणि गेली तर?"

"तर तुम्ही दाखवाल त्या मुलासमोर पोह्यांची बशी घेऊन येईन. मान खाली घालून."

मी फार वाद घालते म्हणूनच मला लॉ शिकवू नये असं त्यांचं मत होतं. पण आवारात यायचं नाही म्हणजे कुठपासून नाही, हे त्यांनी आधी ठरवून घेतलं. कुंपणाच्या बाहेर उभं राहायला हरकत नाही असं ठरलं. त्यांनी शब्द दिला. दिलेला शब्द ते मोडत नाहीत. पण तो कडेकडेनं कुरतडतात.

*

माझा पहिला भाडेकरू मुंबईच्या बँकेतला. जुलैत आला, कारण मुलांना घरात शिरणारे ढग बघायचे होते. ढग आले. सगळ्या घरात आले, कपाटातही आले. त्यानं साहेबांना बायको आजारी आहे असं सांगून रजा घेतली होती आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं थेट ऑफिसला जायचं होतं. रविवारी बघतो तर एकुलती एक बरी पँट आणि शर्ट ओलेगच्च.

"हे कसं चालणार?" तो माझ्यावर तडकला. "मालकांना लिहावं लागेल."

आमच्याकडे झाडलोटीला भागूमावशी यायची, भुशीच्या वरच्या वाडीतली. ती म्हणाली, "त्यात काय एवडं? द्या हिकडं. आमी लेकरांची कापडं वाळवतो तशी वाळवते."

शेगडीत निखारे घातले, वर वेताची टोपली पालथी टाकली आणि टोपलीवर बँकेचे कपडे पसरले. पावसाळ्यात बाळंतिणीच्या घरी असंच करतात. भागूमावशीनं हात राखला नाही. निखाऱ्यांवर ओवा टाकला, बाळंतशेपा टाकल्या, धूपही टाकला. "वास न्हाई यायचा दमटाचा," ती म्हणाली. "लय झ्याक झाल्यात."

सोमवारी तो सकाळी गेला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आला. मी पत्राची भीती धरून दारातच उभी होते.

तो साहेबांसमोर उभा राहिला, तसं साहेबांनी नाक वर केलं म्हणे. साहेब पाच मुलांचे बाप. त्यांनी एकदा वास घेतला, दोनदा घेतला, आणि खुर्चीतून उठून याचा हात हातात घेतला. "असं होय. बायको आजारी कसली म्हणता? लाजताय काय? अभिनंदन. मुलगा की मुलगी?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"मुलगी म्हणालो."

साहेबांनी आणखी आठवडाभर रजा दिली होती. तो आत गेला आणि बाकीचे कपडे काखेत घेऊन बाहेर आला. "मावशी," तो भागूमावशीला म्हणाला, "जाईपर्यंत रोज धुरी द्यायची. वास उतरता कामा नये."

*

पावसानंतर पुण्याचे एक प्रोफेसर आले, टायफॉइडातून उठलेले. डॉक्टरांनी त्यांना रोज एक अंडं सांगितलं होतं. आणि बंगल्यात अंडं आणायचं नाही हा अण्णांचा पहिला नियम. काकूंनी बंगल्यात देव बसवले होते ना.

प्रोफेसरांच्या पत्नी म्हणाल्या, "अंडं नसेल तर आम्हाला जावं लागेल. आणि का गेलो ते कळवावं लागेल."

मी कुंपणाशी गेले. अण्णा पलीकडे उभे. दुपारभर मी वाद घातला. औषध आहे म्हटलं, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, माणुसकी काढली. अण्णांचं एकच, "नियम म्हणजे नियम. अंडं आणायचं नाही."

भागूमावशी हे सगळं ऐकत भांडी घासत होती. दुसऱ्या दिवशी ती वाडीवरून येताना एक तांबडी कोंबडी घेऊन आली आणि परसात डालग्याखाली ठेवली. म्हणाली, "अंड्याचं नाव घेतलं तर अण्णा रागावत्यात. कोंबडीचं कोन काय बोललं न्हाई."

कोंबडी डालग्याखालून निसटली, मागच्या दारानं आत शिरली, सगळं घर हिंडली आणि प्रोफेसरांच्या गुंडाळलेल्या गादीत बसली. उठली तेव्हा तिथं अंडं होतं.

मी पुन्हा कुंपणाशी गेले. आता काय ते तुम्हीच सांगा म्हटलं.

अण्णांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "नियम आणण्याबद्दल आहे. हे कुणी आणलेलं नाही. हे घरातच झालंय."

"मग खाऊ दे त्यांना?"

"घरात झालेली वस्तू बाहेर टाकून कशी देणार? लक्ष्मीचा अपमान होतो."

प्रोफेसरांनी महिनाभर घरात झालेली अंडी खाल्ली आणि भरल्या गालांनी गेले. मला लॉ कशाला शिकायचंय, असं हाच माणूस मला विचारत होता.

*

शेवटचं बुकिंग दिवाळीनंतरचं. ते खुद्द काकांनी नैरोबीहून ठरवलेलं. त्यांच्या जुन्या मित्राचं कुटुंब, आई, वडील आणि एक मुलगा. मालकांच्या ओळखीची माणसं, म्हणजे तक्रार जायला सगळ्यांत सोपी. एवढा आठवडा निभावला की मी सुटले.

मी कसलीही जोखीम घेतली नाही. आत्याला कामशेतला तिच्या दिरांकडे पाठवून दिलं. नवीन तांदूळ येतोय, निवडायला मदत हवी असेल, म्हटलं. कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावला, केस घट्ट बांधले आणि पाहुण्यांसमोर, नव्हे, भाडेकरूंसमोर जाऊन उभी राहिले.

"तुम्ही कोण?" आईंनी विचारलं. जरीकाठी लुगडं नेसून त्या हवापालटाला आल्या होत्या.

"मी इथली मॅनेजर. पाणी दोन वेळा येतं. पाय पुसून आत यायचं. काही मोडलं तर लगेच सांगायचं."

"बरं बाई," त्या म्हणाल्या. मुलगा दोनदा पाय पुसून आत गेला.

"मालकांच्या घरचं इथं कोण कोण असतं?"

"तुम्हाला त्रास देईल असं कुणी नसतं."

आठवडाभर मी त्यांना खरोखर कुणाचा त्रास होऊ दिला नाही. मुलगा सकाळ-संध्याकाळ भांग पाडून व्हरांड्यात बसायचा, आउटहाउसकडे तोंड करून. त्याला उन्हाची तिरीप लागत असेल म्हणून मी तिकडच्या बाजूचा बांबूच्या काड्यांचा चिकाचा पडदा सोडून टाकला. आई एकदा फुलं तोडायच्या निमित्तानं आमच्या दारापर्यंत आल्या. फुलं तोडायला मनाई आहे, असं मी त्यांना नम्रपणे सांगितलं.

अण्णा शब्द पाळून कुंपणाबाहेरच होते. रोज विचारायचे, "गेली होतीस का बंगल्यावर? भेटली का माणसं? बोललीस का नीट?"

"बोलले."

"मुलगाही होता?"

"होता."

आणि अण्णा चक्क शीळ घालत फिरायला जायचे. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

जायच्या दिवशी टांगा फाटकाशी लागला. अण्णा सामान चढवायला रस्त्यावर उभे होते, आवाराबाहेर. मी किल्ल्या परत घेतल्या आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "तक्रार काही नाही ना?"

आईंनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही मन लावून काम करता म्हणून तुम्हाला सांगते. घर छान, पाणी छान, हवा तर विचारू नका. पण तक्रार आहे, आणि हे ती नैरोबीला कळवणार आहेत."

मी विचारलं, "काय झालं?"

"अहो, आम्ही काय नुसती हवा खायला आलो होतो? मालक म्हणाले, पुतणी मुलांसमोर यायला तयार होत नाही, तुम्ही भाडेकरू म्हणून जाऊन राहा, रोजच्या वागण्यात दिसेल. आम्ही मुलाकडचे, आपण होऊन दाखवा म्हणायची आमच्यात पद्धत नाही. वाट बघत बसलो. आठ दिवस राहिलो, पण ती मुलगी काही कुणी दाखवली नाही."

टांग्याचा घोडा मान हलवत होता, त्याच्या घुंगरांकडे मी बघत राहिले. पत्र गेलं तर तक्रार. आणि तक्रार मिटवायची, तर मुलगी दाखवायला हवी.

"काही व्यंग आहे का हो तिच्यात?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं. "तुम्ही इथल्याच, तुम्हाला माहीत असेल."

"व्यंग नाही," मी म्हटलं. "ती इथं नसते. पुण्याला असते, लॉ कॉलेजात."

"लॉ?" त्या एक पाऊल मागं सरल्या. "वकील होणार?"

"हो."

"अगंबाई. मग राहू दे. आम्हाला साधीच हवी होती." त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "मुलगी इथं नाहीच म्हटल्यावर तक्रार तरी कसली करणार? पण आधी कळवायचं नाही का?"

आणि माझ्याकडे पाठ करून त्या फाटकाबाहेर अण्णांकडे गेल्या. मी मागोमाग. अण्णा वळकटी टांग्यावर बांधत होते. माझ्याकडे बघून ते नुसते हसले, आम्हा दोघींचं चांगलं जमलं असं समजून.

"तुमच्या मॅनेजरबाई सांगत होत्या," आई म्हणाल्या. "तुमची मुलगी पुण्याला असते म्हणे, लॉ कॉलेजात. खरं का?"

अण्णांचे हात थांबले. त्यांनी त्या बाईंकडे बघितलं. पाय पुसून पुसून झिजलेल्या मुलाकडे बघितलं. माझ्याकडे, माझ्या कमरेच्या जुडग्याकडे बघितलं. मग वळकटीचा पट्टा दातात धरून घट्ट आवळला, गाठ मारली, आणि म्हणाले,

"हो ना. हॉस्टेलला राहते. जेवणाचे फार हाल होतात तिचे, पण ऐकत नाही."